तरवडाची कुपी

नांदेडला आमच्या विभागात एम.एस्सी.ला येणारं मूल बहुतेक वेळा एकदा मनसोक्त रडून आलेलं असायचं. लातूर-नांदेडकडे विज्ञान घ्यायचं म्हणजे डॉक्टर व्हायचं, हे दहावीचा निकाल लागायच्या आधीच ठरलेलं. त्यासाठी क्लास लावायचे, खोली करायची, आईनं गाव सोडून लेकराच्या डब्यासाठी शहरात येऊन राहायचं. ज्यांचं जमलं ते गेले. ज्यांचं थोडक्यात हुकलं ते बी.एस्सी.ला, आणि बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय हे ज्यांना सुचलं नाही ते आमच्याकडे. मी स्वतः लातूरची. माझ्या वेळी क्लासचं एवढं पेव फुटलेलं नव्हतं, तरी डॉक्टर न झाल्याबद्दल माझ्या आत्यानं मला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

आमच्या विषयाचं नाव रासायनिक जीवशास्त्र. पालक विचारायचे, "मॅडम, म्हणजे केमिस्ट्री का बायो?" दोन्ही म्हटलं की त्यांना वाटायचं, बाई टाळतायत. आता निवृत्त झालेय, वेळ आहे, तेव्हा एकदाचं नीट सांगून टाकते. आपलं डोकं दुखतं, आपण गोळी घेतो. ती गोळी पोटात गेल्यावर पेशीतल्या नेमक्या कशाला जाऊन चिकटते, चिकटल्यावर त्याचं काय होतं, आणि तिथंच चिकटणारं दुसरं काही मिळेल का, हे शोधायचं. एवढाच आमचा धंदा. त्यातून औषध निघालंच तर ते फार पुढे, दुसऱ्याच कुणाच्या हातून. आम्ही आपले चिकटलं की नाही चिकटलं, यातच जन्म काढतो.

विभागात सामान बेताचं होतं आणि ऊन भरपूर. एप्रिलमध्ये आमचं बर्फाचं यंत्र मान टाकायचं, मग प्रयोगशाळेचे परिचर रसूलभाई रसवंतीवाल्याकडून बर्फ आणायचे. पहिल्या सत्रात बकऱ्याच्या कलेजीतून एन्झाइम वेगळं काढायचा प्रयोग असायचा, ती आणायचं कामही त्यांच्याकडेच. ताजी हवी, बर्फात हवी, आणि मसाला लावून नको, हे खाटकाला पटवताना एकदा त्यांची अर्धी सकाळ गेली. खाटकाचा समज असा झाला होता की कॉलेजात दावत आहे आणि आपल्याला मुद्दाम वगळलंय.

बाहेरची माणसंही यायची. प्रयोगशाळा दिसली की तिथं काहीही तपासून मिळतं, असा लोकांचा भाबडा विश्वास. कुणी दूध आणायचं, कुणी विहिरीचं पाणी, एका गृहस्थांनी तर शेजाऱ्यानं आपल्यावर टाकलेला अंगारा आणला होता. देगलूरचे सोपानराव आले ते लोणच्याची बरणी घेऊन. बरणीत साखरेच्या आजारावरची पूड होती. सीमेपलीकडच्या एका वैद्याकडून ते आणायचे आणि गावात फुकट वाटायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. "या दवाईवर तुमचा एक शिक्का मारून द्या, मंजी लोकाला भरोसा येतो."

शिक्का माझ्याकडे नव्हता, पण पूड तपासणं हातात होतं. त्याची एक जुनी, स्वस्त आणि प्रामाणिक पद्धत आहे. खडूसारखा पांढरा थर दिलेली एक पट्टी घ्यायची, तळाशी पदार्थाचा थेंब ठेवायचा आणि पट्टी थोड्याशा द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो आणि थेंबातल्या वस्तूंना बरोबर नेतो. प्रत्येक वस्तू आपापल्या उंचीला थांबते. शाळेत टीपकागदावर शाईचा ठिपका ठेवला की त्याचे रंग वेगळे होतात, तसंच. मग पट्टी जांभळ्या दिव्याखाली धरायची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे ठिपकेही दिसतात. सोपानरावांच्या पुडीत पाल्याचे ठिपके होते तसेच आणखी एक होता, आणि त्याच्याशेजारी आम्ही औषधाच्या दुकानातली साखरेच्या आजारावरची नेहमीची गोळी कुटून लावली तर तिचा ठिपकाही नेमका त्याच उंचीला. मी त्यांना पट्टी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "मंजी इतके दिस मी गोळीच वाटून राहिलो व्हय?" गावी जाऊन त्यांनी घरोघर हिंडून लोकांना डॉक्टरकडे पाठवलं. त्यानंतर दर वर्षी ते मूग घेऊन यायचे, आणि काही तपासायचं नसलं तरी चहा पिऊन जायचे.

पण मला सांगायची आहे ती शिवलीलाची गोष्ट.

शिवलीला निलंग्याची. लिंगायत घर, वडिलांचं मार्केट यार्डात आडत दुकान. गळ्यात इष्टलिंग, बोलणं कमी, हात अतिशय स्वच्छ. कलेजीचा प्रयोग तिला टाळता आला असता, शाकाहारी घरातल्या मुलांना मी मोड आलेले मूग द्यायचे. पण तिनं नाकाला ओढणी बांधून तो सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा नीट केला, वसतिगृहावर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि मगच जेवली. आईला फोनवर आज काय शिकलीस ते सांगताना तिनं एन्झाइम एवढंच सांगितलं, असं तिच्या मैत्रिणींकडून कळलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा असा एक प्रकल्प करायचा असतो. शिवलीलानं तरवड निवडला. तिकडे माळावर, रस्त्याच्या कडेला हे झुडूप कुठंही उगवतं, पिवळी धमक फुलं येतात आणि शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. तिनं ती फुलं वाळवली, त्यांचा अर्क काढला, त्यातला एक भाग वेगळा केला आणि बोटाएवढ्या काचेच्या कुपीत ठेवला. पिवळसर, चिकट, दिसायला काकवीच्या तळासारखा.

त्याचं करायचं काय, तेही सांगते. उतारवयात शरीरातली काही प्रथिनं एकमेकांना धरून त्यांच्या गुठळ्या होतात. मेंदूत झाल्या तर माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो. तशा गुठळ्या नळीत बनवता येतात, अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन आम्लात तापवत ठेवलं की झालं. मग त्यात अर्क घालायचा आणि यंत्रात ठेवून त्यावर निळा प्रकाश सोडायचा. काही पदार्थ असे असतात की पाण्यात ते गप्प असतात, पण गुठळीला चिकटले की हिरवट उजेड देतात. उजेड आला म्हणजे काहीतरी चिकटलं.

हे सगळं सुरू व्हायच्या तोंडावर खंडेनवमी आली. शेतकरी नांगर-कुळव पुजतो, सुतार रंधा पुजतो, आमच्या विभागात यंत्रं पुजायची प्रथा होती. माझ्या आधीच्या विभागप्रमुखांनी सुरू केलेली. मी ती कधी बंद केली नाही, कारण वर्षातून तेवढ्या एका दिवशी सगळी यंत्रं मागच्या बाजूनंसुद्धा पुसली जायची. रसूलभाई पहाटे झेंडूच्या माळा घेऊन यायचे आणि कुठल्या यंत्राला किती लांबीची माळ लागते ते त्यांना तोंडपाठ होतं. मुलं आपापली आयुधं मांडायची. कुणाचा तराजू, कुणाचा सूक्ष्मदर्शक. शिवलीलाकडे अजून स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, तिनं आपली कुपी ठेवली. सगळ्यांवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ बाहेर पायरीवर फोडला, पेढे खाल्ले आणि सुट्टीला गेलो.

दिवाळीनंतर शिवलीला धावत माझ्या खोलीत आली. पळणारी मुलगी नव्हे ती. यंत्राच्या पडद्यावर आलेख उभा चढलेला होता. गुठळ्यांशिवाय नुसता अर्क ठेवला तर उजेड नाही, नुसत्या गुठळ्या ठेवल्या तर उजेड नाही, दोन्ही एकत्र केले की लख्ख हिरवा. मी तिला पुन्हा करायला लावलं, मग आणखी पुन्हा. दर वेळी तेच. शिकवण्यात इतकी वर्षं गेली की मी सहसा हुरळत नाही, पण त्या दिवशी हुरळले. रस्त्याकडेच्या तरवडात कुणाला न दिसलेलं काहीतरी आमच्या पोरीला दिसलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तिचे वडील, शिवराजअप्पा, व्यापाराच्या कामानं नांदेडला आले होते ते विभागात आले. हातात तूरडाळीची पिशवी. लेकीनं त्यांना यंत्र दाखवलं, आलेख दाखवला. अप्पांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "मंजी औषध घावलं म्हणा की." मी सांगितलं की हे औषध नव्हे, हे फक्त चिकटणं आहे, अजून फार लांबचा रस्ता आहे. त्यांनी मान डोलावली, पण ऐकलं त्यांना हवं होतं तेच. यार्डात जाऊन त्यांनी सगळ्या अडत्यांना सांगितलं की आपल्या शिवलीलानं मेंदूवरचं औषध काढलं.

जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन घरची गोष्ट सांगितली. उदगीरचं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली, स्वतःचं दुकान, मुलगा निर्व्यसनी. उन्हाळ्यात लग्न करा म्हणून ते मागं लागले होते. शिवलीलाला पुढे पीएच.डी. करायची होती आणि हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत तिनं अर्ज केला होता. अप्पांनी तोडगा काढला होता. हैदराबादला लागली तर शिकेल, नाही लागली तर उन्हाळ्यात लग्न. मी अशा पुष्कळ मुली पाहिल्या होत्या. परीक्षेनंतर पेढे घेऊन येतात, वाकून नमस्कार करतात आणि त्यानंतर विषयाचं पुस्तक पुन्हा उघडत नाहीत. त्यांच्या बापांशी भांडायला मी कधी गेले नाही, मला तो हक्क वाटला नाही, आणि त्याची रुखरुख आजही आहे. म्हणून अप्पांनी निदान एक दार उघडं ठेवलंय, याचंच मला बरं वाटलं.

संक्रांतीच्या सुमाराला हैदराबादहून मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्जात तिनं तरवडाचा उजेडच लिहिला होता, आणि बोलावणं त्याच्याच जोरावर आलं होतं, यात शंका नाही. त्याच सुमाराला कुपी संपली. त्यात काळजीचं काही नव्हतं, वाळलेली फुलं डबाभर होती. तिनं नवा अर्क काढला, तसाच भाग वेगळा केला, गुठळ्यांत घातला आणि यंत्रात ठेवला.

उजेड आला नाही.

तिनं अर्क पुन्हा काढला. गुठळ्या नव्यानं केल्या. आम्ल बदललं, पाणी बदललं, यंत्राचा दिवा तपासून घेतला. काही नाही. तिचं जेवण सुटलं. निलंग्याहून आईचा फोन आला की ती उचलून दोन शब्द बोलायची आणि ठेवून द्यायची. वर्गातल्या मुलांनी नाना तर्क लढवले. एकाचं म्हणणं फुलं जुनी झाली, एकाचं म्हणणं उंदरानं डब्यात तोंड घातलं असणार. मी मात्र तिला म्हटलं की रिकाम्या कुपीच्या तळाशी जे काही लागलेलं असेल ते दोन थेंब स्पिरिटात विरघळव, आणि जुना आणि नवा असे दोन्ही एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चढव.

पट्टी वाळली, आम्ही जांभळा दिवा लावला. नव्या अर्काचे ठिपके आणि जुन्या अर्काचे ठिपके जोडीनं, एकाशेजारी एक. फक्त जुन्यात वरच्या बाजूला एक ठिपका जास्तीचा. झळझळीत पिवळा-हिरवा. नव्यात त्या जागी काहीच नाही.

शिवलीलानं पट्टी दिव्याच्या आणखी जवळ धरली. मग म्हणाली, "मॅडम, हळद हाय ती. खंडेनवमीची."

आणि सगळं एका क्षणात कळलं. अर्क नीट वाळावा म्हणून त्या दिवशी तिनं कुपीचं झाकण सैल ठेवलं होतं. त्यावर भक्तिभावानं हळदीची चिमूट वाहिली होती. पुढे झाकण काढताना-लावताना ती आत उतरली. तरवड पिवळा, हळद पिवळी, डोळ्यांना कळायचं कसं? आणि हळदीचा गुणच असा की पाण्यात ती गप्प असते आणि प्रथिनाच्या गुठळीला चिकटली की हिरवी पेटते. हे जगाला कधीचं माहीत आहे, माझ्या शिकवण्यातही होतं. रसूलभाईंनी कँटीनमधून चिमूटभर हळद आणून दिली, ती तिसऱ्या जागी लावून आम्ही पट्टी परत चढवली. ठिपका त्याच उंचीला जाऊन थांबला. अंगाऱ्यापासून औषधी पुडीपर्यंत लोकांची भेसळ आम्ही ओळखायचो, आणि आमच्या स्वतःच्या कुपीत आम्हीच देवाच्या नावानं भेसळ करून ठेवली होती. मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं.

मुलाखत तोंडावर आली होती. वर्गमैत्रिणींनी तिला समजावलं की गप्प बस, तिथं कुणाला काय कळणार, एकदा प्रवेश मिळू दे, मग सांग अर्क पुन्हा निघाला नाही म्हणून. खरं सांगायचं तर तो सल्ला अगदीच वेड्यासारखा नव्हता. प्रयोग पुढे फसतात, तसा हाही फसला असता. मी तिला काय सांगावं याचा विचार करत होते. मास्तरीण म्हणून उत्तर एकच होतं, पण उन्हाळ्यातलं ते लग्न माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तीच आली आणि म्हणाली, "मी सांगणार हाय मॅडम. ही पट्टी घेऊन जाते." मला तिचा इतका अभिमान वाटला आणि तिच्यासाठी इतकी भीती वाटली की मी नुसतं बरं म्हटलं आणि पट्टी ठेवायला एक डबी दिली.

हैदराबादला तिनं सगळं सांगितलं. उजेड, हळद, खंडेनवमी, सगळं. समिती आधी हसली, मग गंभीर झाली, मग बरेच प्रश्न विचारले, ती डबी हातोहात फिरली. बाहेर पडताना एका बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या गाडीतून फोनवर ती मला हे सांगत होती तेव्हा आम्हा दोघींना वाटलं, झालं. पण हे जग गोष्टीतल्यासारखं चालत नाही. जागा थोड्या होत्या, बाकीच्यांकडे खरे निकाल होते आणि हिच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. यादी लागली, तिचं नाव नव्हतं.

ती निलंग्याला गेली. मी तिला फोन केला नाही. काय बोलणार होते? माझ्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहिला होता, आणि मी स्वतःला समजावत होते की माणसं चांगली आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे.

आणि एका दुपारी शिवराजअप्पांचा फोन आला. मागं यार्डातला गलबला ऐकू येत होता. त्यांनी तब्येत विचारली, ऊन विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारतो, खरं सांगा. पोरगी तिथं गप बसली असती तर लागली असती का?"

मी म्हटलं, "बहुतेक लागली असती, अप्पा."

मागचा गलबला कमी झाला, ते दुकानाबाहेर आले असावेत. मग म्हणाले, "मला बी तिनं तसंच सगळं सांगितलं. जेवताना. मी इथं यार्डात समद्यांला सांगून बसलोय, पोरीनं औषध काढलं म्हणून. रोज कुणी ना कुणी इचारतंय, कवा येणार बाजारात. आता लोकाला काय सांगावं, हेच दोन दिवस इचार करून राहिलो."

मी म्हटलं, चूक तिची एकटीची नव्हती, पूजा आम्ही सगळ्यांनी केली होती.

"ते न्हाई मॅडम," अप्पा म्हणाले. "आज सकाळी सांगून टाकलं. म्हटलं, औषध न्हवतं ते, हळद होती. लेकीनंच शोधून काढलं आन लेकीनंच सांगितलं. लई हसले लोक. हसू द्या. उदगीरवाल्यांला बी कळवलंय, अजून एक वरीस थांबायचं असंल तर थांबा, न्हाईतर दुसरं बघा. तुम्ही तिला पुढच्या साली परत बसवा."

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. ते तिनं स्वतःच्या बळावर केलं, त्यात माझं काही नाही. इतक्या वर्षांत कितीतरी पालकांनी माझे आभार मानले, बरेचदा मी काही केलेलं नसताना. त्या दुपारी मला शिवराजअप्पांचे आभार मानायचे होते. शब्द जमवत होते तोवर तिकडे सोयाबीनचा सौदा सुरू झाला आणि त्यांनी फोन ठेवून दिला.